चार मिनिटं बारा सेकंद

मुख्तारनं हातगाड्यावरून उतरवला तेव्हा
त्याच्यावर कुकरचं झाकण होतं आणि एक मेलेला स्टॅबिलायझर.
"सीडी प्लेअर है बाई, तुमच्याच कामाचा.
भाव मात्र भंगाराचा."
साडेचार किलो भरला, एकशे ऐंशी रुपये.
मी दोनशे दिले. वीस सुटे त्याच्याकडे कधीच नसतात.

सेलूतली मे महिन्याची दुपार, आणि पंखा बंद,
कारण पंख्यानं डाखाचा धूर डोळ्यांत येतो.
स्क्रू मिसळणाच्या डब्यात:
जिऱ्याच्या वाटीत लांब, मोहरीच्या वाटीत बुटके,
हळदीच्या वाटीत पडलेला एक
कायमचा पिवळा.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत तेवीस वर्षं
मी पोरांना भिंगं मोजून दिली, मोजून परत घेतली.
प्रयोग माझ्या नावावर एकही नाही.
आता हे टेबल माझं. फुटलं तर माझंच फुटतं.

पहिल्यांदा ट्रे. अर्धा यायचा, लाजून आत जायचा.
रबरी पट्टा सैल झालेला;
उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकला, आळला.
मग भिंग. त्याच्यावर कुणाच्या तरी घरची धूळ,
थोडी उदबत्तीची.
स्पिरिटचा बोळा फिरवला, पापणी पुसावी इतक्या हलक्यानं.
चालू असताना त्याच्या डोळ्यात डोळा घालायचा नाही,
सासरी नवीन असताना बघायचे
तसं तिरकं बघायचं.
मग रुळांवरचं ग्रीस, मेणासारखं थिजलेलं, खरवडून काढलं.

एवढं करून, पडद्यावर हिरव्या अक्षरांत: नो डिस्क.
आहे की रे बाबा. मीच घातलीय.

भिंग वर-खाली, तीनदा मान हलवायचं
आणि गप्प.
चकती जागची हलायची नाही.
तीन दिवस हेच.
चौथ्या दिवशी पेन्सिलीच्या मागच्या टोकानं
पट्टीवर एकेक ठिकाणी टिचकी मारत गेले.
मोटरच्या चिपपाशी मारली आणि चकती दचकून फिरली.
डाख सुटला होता. केसाएवढी गोल चीर,
भिंगाखाली धरल्याशिवाय दिसू नये अशी.
थेंबभर कथील. बस्.

तपासणीला माझी सीडी एकच:
दिगंबरमामाचा बँड, परभणीत
एका फोटोवाल्याच्या मागच्या खोलीत भरलेली.
मामाची क्लॅरनेट, वरातीची चाल.
चार मिनिटं बारा सेकंदांवर एक ओरखडा.
आजवर अकरा प्लेअर दुरुस्त केले,
अकराही तिथे अडखळले,
तीन सेकंद गिळून पुढे गेले.
मामी अजून सांगते, मालक कधी सूर चुकले नाहीत.
मीही सांगते. सीडी ऐकवते, ओरखड्यासकट.

मालगाडी जाऊ दिली. टेबल थरथरायचं थांबलं.
मग बटण दाबलं.
चार दहा. चार अकरा.
माझा हात सवयीनं बंद करायला गेलेला.

हा अडखळला नाही.

क्लॅरनेट कोंबडा आरवावा तशी फाटली,
मामा हसला, तोंडातून नळी काढून म्हणाला,
"हात् मायला!"
आणि ढोलवाल्यानं दोन थाप जास्त मारून
त्याला सांभाळून घेतलं,
पुन्हा सुरावर येईपर्यंत.

मी मागे नेऊन परत लावलं. परत.
संध्याकाळ झाली, पंखा लावायचा राहिला.
झाकण लावताना जिऱ्याची वाटी सांडली.
मामीला सांगावं का, ठरेना. अजून ठरलेलं नाही.

मुख्तार रिकामा गाडा घेऊन दारावरून चालला होता.
"क्या बाई, चलता क्या?"

चालतं, म्हटलं.
जरा जास्तच चालतं.